वाशीमला नावे ठेवणारांस

मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा येथील आमचे एक व्यापारी स्नेही मुलाच्या शिक्षणाची व्यवस्था लावण्याकरिता नुकतेच पुण्यास जाऊन आले. तेथे एका वसतिगृहाच्या चालकाने त्यांस 'गाव कोणते?' असे विचारले, तेव्हा 'आम्ही अकोल्याकडचे' असे त्यांनी उत्तर दिले. परत आल्यावर ही हकीकत त्यांनी आम्हांस हसत हसत सांगितली. पण आम्हांस हसू आले नाही. किन्हीराजा अकोला जिल्ह्यातून निघून वाशीम जिल्ह्यात आल्यास पाव शतक उलटून गेले. तरीही गृहस्थाश्रमी, चार पैसे बाळगून असलेल्या, कोणाचे मिंधेपण नसलेल्या मनुष्यास परक्या शहरी आपल्या जिल्ह्याचे नाव सांगण्याची लाज वाटावी, हे लक्षण बरे नव्हे. ज्या गावाचे नाव तेथील रहिवाशांच्याच तोंडी येत नाही, त्याची किंमत दुसऱ्यांनी का करावी?

वाशीम म्हणजे आडवळणाचे, कोरडे, मागासलेले ठिकाण, असा समज बाहेर रूढ झाला आहे. नोकरदाराची येथे बदली झाली की त्याचे सोयरे हळहळतात. मुलगी देणारा बाप वराचे गुण पाहून खूश होतो व गाव ऐकून विचारात पडतो. वकिलीच्या धंद्यात आम्हांस एक शिस्त लागली आहे. आरोप आधी स्वच्छ शब्दांत मांडून घ्यावा, मग पुरावा पाहावा, व निकाल अखेरीस द्यावा. वाशीमच्या बाबतीत निकाल आधीच लागला आहे. आरोप काय व पुरावा कोणता, हे कोणी विचारलेच नाही. ते काम आज आम्ही हाती घेत आहो.

पहिला आरोप असा की, हे शहर काल जन्मलेले आहे, यास पूर्वपरंपरा नाही. यास उत्तर जमिनीनेच दिले आहे. १९३९ साली वाशीम येथे विंध्यशक्ती दुसरा या वाकाटक राजाचा ताम्रपट सापडला. तो वत्सगुल्म येथून दिलेला आहे, व वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम. वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा येथे राज्य करीत होती, ही गोष्ट त्या पत्र्यांनीच विद्वानांस प्रथम कळविली. याच शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन हा प्राकृत कवी होता. त्याच्या 'हरिविजय' काव्याची दखल काश्मीरच्या आनंदवर्धनाने घेतली आहे. याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले, हे तेथील शिलालेखच सांगतो. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचे लग्न लावण्यास वत्सगुल्म हेच नगर निवडले, आणि प्राकृतातील एका काव्यरीतीस 'वच्छोमी' हे नाव याच शहरावरून मिळाले. जगातील प्रवासी अजिंठा पाहून थक्क होतात. त्या वैभवाचा एक धागा वाशीमात गुंफलेला आहे, हे वाशीमच्या किती विद्यार्थ्यांस ठाऊक आहे?

परंतु पूर्वजांच्या पुण्याईवर आजचा संसार चालत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून दुसऱ्या आरोपाकडे वळू. तो असा की, हा मुलूख निर्जळ आहे. येथे पुरावा फारच मौजेचा आहे. वाशीमचे पठार हे पाणलोटाचे माथे होय. त्याच्या एका उतारावरचे पाणी पूर्णेस मिळून तापीत जाते, व दुसऱ्या उतारावरचे पैनगंगेच्या वाटेने गोदावरीकडे जाते. काटेपूर्णा येथल्याच डोंगरात उगम पावते. अडाण व अरुणावती याही येथल्याच लेकी. काटेपूर्णेचे पाणी महान येथे अडविले आहे, व अकोला शहर ते पिते. अरुणावतीचे मोठे धरण यवतमाळ जिल्ह्यात आहे. शेजाऱ्यांची तहान भागते याचा आम्हांस आनंदच आहे. पाण्यावर कोणाची मिरास नाही. मात्र ज्याच्या अंगणात झरा फुटतो त्यास निर्जळ म्हणून हिणवावे, आणि खुद्द वाशीमकरांनी एकबुर्जीच्या तलावात पाणी किती उरले याची उन्हाळाभर चिंता करावी, यात दोष निसर्गाचा नसून बांधबंदिस्तीचा आहे. माथ्यावरचे पाणी माथ्यावर मुरविणे, शेततळी राखणे व जुनी तीर्थे उपसणे, हाच त्यावर उपाय होय. या शहरात १०८ तीर्थे होती अशी परंपरा सांगते. तो आकडा खरा असो वा श्रद्धेचा. गावाची प्रतिष्ठा तळ्यांवरून मोजण्याची रीत ज्या पूर्वजांनी घातली, ते आपल्याहून व्यवहारी होते खास.

तिसरा आरोप मागासलेपणाचा. २०१८ साली केंद्र सरकारने देशातील मागे राहिलेल्या जिल्ह्यांची यादी केली व त्यांस 'आकांक्षित जिल्हे' असे गोड नाव दिले. महाराष्ट्रातून त्यात चारच जिल्हे आले: गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद (हल्लीचे धाराशिव) व वाशीम. हा कागद आम्ही नाकारीत नाही. पण त्याच्या मागचा एक जुना कागदही वाचला पाहिजे. इंग्रजी अमलात वाशीम हा वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांपैकी एक जिल्हा होता. १९०५ साली राज्यकारभाराच्या सोईसाठी तो मोडण्यात आला. वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास जोडले, पुसद यवतमाळास दिला. तो जिल्हा पुन्हा उभा राहिला १ जुलै १९९८ रोजी, म्हणजे ९३ वर्षांनी. जिल्ह्याचे ठाणे गेले म्हणजे केवळ एक पाटी जात नाही. कचेऱ्या जातात, त्यांच्या मागोमाग वकील, वैद्य, विद्यालये व पेढ्या जातात, आणि रस्तेही नव्या ठाण्याकडे वळतात. ज्याच्या हातातून तीन पिढ्यांपुरते भांडवल काढून घेतले, त्यास चौथ्या पिढीत आळशी ठरविणे हा कोणता न्याय? वाशीम मागासले हे अर्धे सत्य आहे. वाशीम मागे ठेवले गेले हे उरलेले अर्धे. इतके असूनही २०११ च्या खानेसुमारीत या सुमारे १२ लाख वस्तीच्या जिल्ह्यात साक्षरता शेकडा ८० च्या वर भरली, त्या वेळी सबंध देशाचे प्रमाण शेकडा ७३ च्या आसपास होते. ज्या जिल्ह्यात शंभरांतील ऐंशीहून अधिक माणसे खेड्यांत राहतात, त्यास हे भूषणावह नव्हे काय?

चौथा आरोप व्यापाऱ्यांच्या तोंडचा आहे: हे ठिकाण वाटेवर नाही. पूर्वी यात थोडे तथ्य होते. कारंज्यावरून मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अडीच फूट रुंदीची जी चिमुकली आगगाडी धावे, ती इंग्रज कंपनीने कापूस मुंबईच्या वाटेस लावण्याकरिता घातली होती. माणसांची सोय हा त्यातील दुय्यम हिशेब. ती आता बंद पडली आहे. परंतु अकोला-पूर्णा लोहमार्ग रुंद होऊन वाशीम दक्षिणेशी व उत्तरेशी नीट जोडले गेले. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी शिर्डीपर्यंत व ५ जून २०२५ रोजी अखेरपर्यंत खुला झाला, आणि तो याच जिल्ह्याच्या मालेगाव, मंगरूळपीर व कारंजा तालुक्यांतून जातो. आता आडवळण कोठे राहिले? उलट आम्हांस भीती निराळीच वाटते. असा रस्ता माल नेतो, तसा माणसांसही नेतो. आमची तूर व सोयाबीन कच्च्या स्थितीत बाहेर जाऊन तिची डाळ व तेल विकत परत यावयाचे असेल, तर समृद्धी रस्त्याच्या नावातच राहील. काही शेतकऱ्यांनी चियासारखे अपरिचित पीक घेऊन पाहण्याचे धाडस अलीकडे दाखविले आहे. धाडस शेतकऱ्याने करावे व व्यापाऱ्याने केवळ दलालीवर संतुष्ट राहावे, हे बरोबर नाही. गिरणी, गुदाम व प्रतवारी यांत येथील भांडवल गुंतले पाहिजे.

येथवर बचाव झाला. आता राहण्यास हे ठिकाण चांगले का, ते सांगतो. वाशीम समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या सुमारास वसले आहे, अकोल्याची उंची त्याच्या निम्म्याजवळ. वैशाखातील दिवस येथेही भाजून काढतो. पण रात्री पठारावरून वारा सुटतो व गच्चीवर अंथरूण टाकणाऱ्यास झोप लागते. मोठ्या शहरात ज्या पगारात दोन खोल्यांचे भाडेही भागत नाही, त्यात येथे मनुष्य दाराशी तुळस लावून राहतो. दुकान, शाळा, कचेरी व घर यांत पायांखालचेच अंतर असल्यामुळे बापास मुलांचे तोंड दिवसाउजेडी दिसते. हिशेबनीस माणसांनी या गोष्टी रुपयांत मांडून पाहाव्या. जमेची बाजू केवढी मोठी आहे हे त्यांस कळून येईल.

माणसांचा मेळ हा दुसरा गुण. नागपूरकर भोसल्यांच्या काळात भवानी काळू यांनी बांधलेल्या बालाजीच्या देवळास येथील लोक जातात. नरसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानासाठी दत्तभक्त दुरून कारंज्यास येतात. शिरपूर हे जैनांचे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे क्षेत्र. कारंज्याच्या जैन भांडारांनी अपभ्रंश भाषेतील हस्तलिखिते शतकानुशतके जपली, व १९३० नंतरच्या दशकात ती छापून निघाल्यावर आपल्या भाषांच्या इतिहासाचा एक हरवलेला दुवा पंडितांस सापडला. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी तर सबंध हिंदुस्थानातील बंजारा समाजाची काशी. इतक्या निरनिराळ्या लोकांची श्रद्धास्थाने सहा तालुक्यांत सुखाने नांदतात, त्या मुलखास संकुचित कोण म्हणेल?

असो. वकिली केली म्हणून अशिलाचे दोष झाकणे हे वर्तमानपत्राचे काम नव्हे. आमचे वाशीमकर बांधाच्या हातभर जमिनीसाठी वरच्या कोर्टापर्यंत जातील, पण वाचनालयाची वर्गणी मागितली की बाहेरगावी असतील. मुलगी दहावीच्या पुढे हुशार निघाली तर शहराच्या वाटेची काळजी आधी व तिच्या शिक्षणाची नंतर करतील. पोहरादेवीच्या यात्रेत तांड्यावरचा मनुष्य त्यांस बंधू वाटतो. तोच ऊसतोडीस कुटुंबासह परगावी निघाला की त्याच्या मुलांच्या शाळेचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. पद्मतीर्थाचे माहात्म्य सारे सांगतात व निर्माल्यही त्यातच टाकतात. सरकारने ९३ वर्षे आम्हांस मागे ठेवले हे खरे. पण १९९८ नंतरची वर्षे तर आमच्याच हातची होती! त्यांचा जमाखर्च आम्हांसच द्यावा लागेल.

राष्ट्र म्हणजे चार-पाच राजधान्या व त्यांस मजूर पुरविणारी बाकीची गावे, अशी व्यवस्था परकीयांस सोईची होती. स्वराज्यात ती तशीच चालू राहिली तर धनी बदलला, धारा तोच राहिला, असे म्हणावे लागेल. वाशीमसारखी शहरे राहण्याजोगी राहिली तरच पुण्या-मुंबईचा श्वास मोकळा राहील. हा प्रश्न एका जिल्ह्याच्या अभिमानाचा नाही. शिकून परगावी जाणाऱ्या तरुणांस आम्ही अडवीत नाही. त्यांनी जावे, जग पाहावे, आणि शंभरांतून दहांनी तरी परत येऊन येथे दवाखाना, कारखाना किंवा शाळा थाटावी, एवढीच आमची मागणी आहे. 'पिकते तेथे विकत नाही' ही म्हण मालाच्या बाबतीत व्यापाऱ्याने मान्य करावी; माणसांच्या बाबतीत ती मान्य केली तर गाव ओस पडते.

निकाल आम्ही वाचकांवर सोपवितो. किन्हीराजाच्या आमच्या स्नेह्यांस मात्र एक विनंती आहे. मुलास पोहोचविण्यास पुढील महिन्यात आपण पुन्हा पुण्यास जाल. वसतिगृहाच्या वहीत गावाचा रकाना असतोच. त्यात किन्हीराजा लिहा, तालुका मालेगाव लिहा, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी वाशीम हे नाव ठळक अक्षरांत, मुलाच्या देखत लिहा. परत येण्याचे गाव कोणते, हे त्यास त्या दिवशीच कळले पाहिजे.