पाना उचलण्याआधी

इंजिनाच्या दुरुस्तीत पार्ट बदलणं हे तुलनेनं सोपं काम. कुठला बदलायचा हे ठरवण्यात खरं कसब लागतं. मुंबईत कित्येक दशकं टॅक्सी म्हणून धावलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनात हे स्पष्ट दिसतं. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात ती तयार होई. मूळ आराखडा फियाट 1100 चा, इंजिन चार सिलिंडरचं, 1089 सीसीचं. ते 'मिसिंग' मारू लागलं की मेकॅनिक ते चालू ठेवूनच एकेका प्लगची वायर काढून पाही. वायर काढताच इंजिन आणखी मंदावलं तर तो सिलिंडर ठीक. काहीच फरक पडला नाही तर बिघाड तिथेच. मग त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावायचा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग बाद. जागीच राहिला तर वायर, डिस्ट्रिब्युटरची कॅप, टॅपेट आणि सर्वांत शेवटी कॉम्प्रेशन, या क्रमानं पुढे जायचं. चारही सिलिंडर एकदमच मलूल असतील, तर एकेका प्लगमागे न लागता सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टी बघायच्या: पॉइंट, कंडेन्सर, कार्बोरेटर. एकही नवा पार्ट विकत न घेता निम्मी कारणं अशी निकालात निघत. मला ही तर्काची शिस्त फार मोलाची वाटते.

यावर कोणी म्हणेल, ते इंजिन बिघडायचंच फार, म्हणून ही विद्या वाढली. ते खरंच आहे. पॉइंट जळत, जेटमध्ये कचरा अडके. इंधन इंजेक्शन आणि संगणक आल्यावर हे दोन्ही त्रास संपले, धूरही कमी झाला. कार्बोरेटर परत यावा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण संगणक आल्यानं शोध संपला, हा समज चुकीचा आहे. स्कॅनर जोडल्यावर पी0301 हा कोड आला, तर पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे एवढंच कळतं. कारण प्लग असेल, कॉइल, इंजेक्टर किंवा गळका व्हॉल्व्हही असेल. जाणता मेकॅनिक तेव्हा पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर बसवतो आणि कोड पी0302 झाला का ते पाहतो. पद्धतशीर अदलाबदलीची तीच जुनी रीत. कोड वाचून थेट नवी कॉइल बसवणारा मात्र गिऱ्हाइकाच्या पैशानं अंदाज खेळत असतो.

तेव्हा अडचण नव्या इंजिनात नाही, त्याची माहिती कोणाच्या हाती आहे यात आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधनं बाहेरच्या गॅरेजांना सहज मिळू दिली जात नाहीत, हा मुख्य ठपका होता. अप्रशिक्षित हातांनी केलेली दुरुस्ती धोक्याची ठरेल, असा कंपन्यांचा बचाव होता. निर्णयाविरुद्ध अपिलंही झाली. सुरक्षिततेची काळजी रास्त आहे, विशेषतः ब्रेक आणि एअरबॅगच्या बाबतीत. पण वायरिंगचा नकाशा आणि सेन्सरची योग्य मापं लपवल्यानं अडाणी हात शहाणे होत नाहीत, उलट ते अंदाजावरच चालतात. केंद्र सरकारनं डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. तिथे केवळ ग्राहकाला हेल्पलाइनचा नंबर मिळून भागणार नाही. गल्लीतल्या गॅरेजवाल्याला दुरुस्तीची पुस्तिका परवडेल अशा दरात, आणि शक्य तर मराठीत, मिळायला हवी.