शेवटचा आकडा कुठे गेला?

ब्राउझरचा कन्सोल उघडा आणि ९००७१९९२५४७४०९९३ टाका. परत येतं ते शेवटी ९९२! एरर नाही, काही नाही. जावास्क्रिप्टचा साधा नंबर ६४ बिटांचा फ्लोट असतो, त्यात अंकांसाठी ५३च बिट मिळतात. २ च्या ५३व्या घातापुढे विषम संख्या मावतच नाहीत. माझ्या एका प्रोजेक्टमध्ये जेसन वाचताना असाच आयडी बदलला आणि भलत्याच ग्राहकाची ऑर्डर रद्द झाली. दोन दिवस मी डेटाबेसलाच शिव्या घालत होतो. ट्विटरनेही २०१० मध्ये यासाठीच आयडी स्ट्रिंग म्हणूनही द्यायला सुरुवात केली. बिगइंट आहे हो, पण पार्स होतानाच आकडा बिघडला, तर नंतर बिगइंट करून काय उपयोग? आणि आयडीची आपण बेरीज थोडीच करतो! सर्व्हरकडूनच तो अवतरणचिन्हांत मागवा.