पाकिटावर नाव कुणाचं? कमी खर्चात लग्नपत्रिकांचे पत्ते

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे घरोघरी पत्रिकांचे गठ्ठे येऊ लागतात. पत्रिका कोणती घ्यायची यावर घरात चार दिवस चर्चा होते. पण पाकिटांवर नावं कोण घालणार, कशानं घालणार, हे शेवटच्या आठवड्यापर्यंत कुणाच्या डोक्यात येत नाही. मग रात्री अकराला शाळकरी पोरांना लिहायला बसवायचं, नाहीतर तालुक्याला जाऊन पैसे मोजून लिहून आणायचं. आमच्या बचत गटांनी मागच्या काही लग्नसराईंत हे काम स्वतः केलं, घरच्या लग्नाचंही आणि बाहेरचंही. त्यात जे कळलं ते आज सांगतो.

खर्च वाचतो तो पेनात नाही, यादीत वाचतो. यादी न करता माणसं आधी पत्रिका छापतात, अंदाजानं पाचशे, आणि शंभर-दीडशे घरात पडून राहतात. यादीसाठी सगळ्यात चांगलं पुस्तक आपल्या घरातच असतं, ते म्हणजे मागच्या लग्नाची आहेराची वही. कोण आलं, कुठून आलं, काय दिलं, सगळं त्यात गावासकट असतं. ती वही समोर ठेवा आणि नवी यादी गावावार नाही, वाटेवार करा. दिंडोरी-वणीची वाट एका पानावर, निफाड-लासलगावची दुसऱ्या पानावर, सिन्नरची तिसऱ्या. पत्रिका वाटायला मोटारसायकलवर जाणारा माणूस वाटेनं जातो, अक्षरांच्या क्रमानं जात नाही. पाकिटंही त्याच क्रमानं लिहायची आणि त्याच क्रमानं रबर लावून गठ्ठे बांधायचे. पेट्रोल वाचतं, आणि एकाच गावात तीनदा चक्कर होत नाही.

यादीत प्रत्येक नावापुढे एक खूण करा: हाती द्यायची, टपालानं, की फोनवर. दूरच्या आणि तरुण मंडळींना फोनवर पाठवली तरी चालते. पण मामा, आत्या, मोठ्या जाऊबाईंचं माहेर, तिथे कागदच जायला हवा. आणि एक नीट बघा. एका भिंतीआड दोन चुली असतील तर पत्रिका दोन लागतात. एक दिली की दुसरी चूल रुसते, आणि तो रुसवा लग्नापेक्षा जास्त वर्षं टिकतो.

आता पाकीट. चकचकीत लाल किंवा मरून पाकीट दिसायला छान, पण त्यावर निळं बॉलपेन उमटत नाही आणि जेलपेनची शाई बोटाला लागते. मग सोनेरी पेनं आणा, ती मध्येच सुकतात, दुसरी आणा. छापखान्यात पत्रिका ठरवतानाच दुकानदाराला सांगा, पाकीट फिकट रंगाचं आणि बिनचकाकीचं द्या. ते बहुतेक वेळा स्वस्तच पडतं. त्यावर साधं काळं किंवा निळं बॉलपेन पुरतं. चकचकीत पाकिटं आधीच घेऊन झाली असतील तर बारीक टोकाचा पक्क्या शाईचा मार्कर वापरा, नाहीतर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर लिहा. लिहिण्याआधी एक पाकीट वाया घालवा. त्यावर लिहा, दोन मिनिटांनी अंगठ्यानं पुसून बघा.

सगळ्यात स्वस्त मार्ग पाकीटच न घेण्याचा. तीन घड्यांची पत्रिका छापायची, मागची एक घडी कोरी ठेवायची, तिच्यावर पत्ता लिहायचा आणि कडेला गोल चिकटपट्टी लावायची. हाती वाटायच्या पत्रिकांना हे अगदी पुरेसं आहे. काही वडीलधाऱ्यांना पाकिटाशिवाय पत्रिका उघडी वाटते, त्यांच्यापुरती पाकिटं घ्या.

हळदीकुंकवाची बोटं पत्ता लिहून वाळल्यावरच लावायची, तीही कोपऱ्यावर आणि कोरडी. ओलं कुंकू शाईवर गेलं की पिंपळगावचं काहीतरी भलतंच होतं. पहिली पत्रिका गणपतीला, मग कुलदैवताला, ही आपली रीत. आपल्या भागात पुष्कळ घरांची पत्रिका सप्तशृंगीला जाते. टपालानं पाठवणार असाल तर नुसतं 'वणीची देवी' लिहू नका. वणी गाव दिंडोरी तालुक्यात आहे, गड कळवण तालुक्यात.

यावरून पत्त्याकडे येऊ. 'मु. पो. ता. जि.' आपण शाळेपासून लिहितो, पण मुक्काम आणि पोस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे बऱ्याच जणींना सांगावं लागतं. गावात टपाल कार्यालय असेल तरच 'मु. पो.' एकत्र लिहायचं. नसेल तर मुक्काम आपलं गाव, आणि पोस्ट ज्या गावाहून पोस्टमन येतो ते गाव. नाशिक जिल्ह्यात एका नावाची गावं किती! पिंपळगाव बसवंत निफाड तालुक्यात, पिंपळगाव बहुला नाशिकला लागून. वडनेर भैरव चांदवड तालुक्यात, वडनेर दुमाला नाशिक तालुक्यात. नुसतं 'वडनेर, जि. नाशिक' लिहिलं तर पत्रिका कुठल्या वडनेरला जाईल?

म्हणून पिनकोड. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्याची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची, जे संस्कृतचे मोठे कवीही होते. देशात सारख्या नावांची गावं फार, लिप्या अनेक, तेव्हा आकड्यांनी पत्र पोचवायचं. सहा आकड्यांतला पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा. आपल्या जिल्ह्याचे पहिले तीन आकडे ४२२ किंवा ४२३. शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. नाशिकचं मुख्य कार्यालय ४२२००१, सिन्नर ४२२१०३, इगतपुरी ४२२४०३, मनमाड ४२३१०४, येवला ४२३४०१. पाहुण्याला फोन करून विचारायला लाजू नका. विचारताना लग्नाची बातमीही पोचते.

टपालाचा खर्च वजनावर असतो. साध्या टपालाला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये, पुढे दर २० ग्रॅमला आणखी ५. म्हणजे साठ पत्रिका टपालानं पाठवायच्या आणि प्रत्येकीचं वजन २० ग्रॅमच्या आत, तर ३०० रुपये. तीच पत्रिका जाड पुठ्ठ्याची, २२ ग्रॅमची निघाली तर ६००. दोन ग्रॅमसाठी तीनशे रुपये! तेव्हा नमुन्याची पत्रिका पाकिटासकट टपाल कार्यालयात नेऊन खिडकीवर वजन करून घ्या, दर विचारून घ्या आणि मगच छपाईला होकार द्या. टपालाच्या पाकिटात अक्षता घालू नका. वजन वाढतं, पाकीट फुगतं आणि शिक्का मारताना फाटतं. कमी तिकीट लावलेली पत्रिका नॉटपेड होते आणि दंड पाहुण्याला भरावा लागतो. निमंत्रण द्यायचं आणि वर पैसे घ्यायचे, असं दिसतं ते. (जाता जाता: ही तिकिटं आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात. प्रेस १९२५ साली सुरू झाली, त्याआधी तिकिटं विलायतेतून छापून यायची.)

मागच्या बाजूला आपला पत्ता हवाच, नाहीतर न पोचलेली पत्रिका परत येत नाही. तो तीनशे वेळा हातानं लिहिण्यापेक्षा रबरी शिक्का करून घ्या. शिक्का पुढे दुसऱ्या मुलाच्या लग्नाला, वास्तुशांतीला कामाला येतो.

ज्यांच्याकडे यादी फोनमध्ये आहे त्यांनी पत्ते छापून चिकटवायला हरकत नाही. फोनवर मराठीत बोलून टाइप होतं, फक्त आडनावं फोन हमखास चुकवतो, म्हणून दुसऱ्या बाईनं मोठ्यानं वाचून तपासायचं. एका मोठ्या कागदावर दोन रांगांत सोळा पत्ते बसतात, म्हणजे दोनशे पत्त्यांना तेरा कागद. स्टिकरचा कागद महाग पडतो. साधा कागद कापून डिंकानं लावला तरी तेच काम होतं. मैद्याची खळही चालते, पण घट्ट शिजवलेली, पातळ खळीनं कागद सुरकुततो. छापताना लेझर किंवा झेरॉक्सची छपाई मागा, साध्या रंगीत प्रिंटरची शाई पाण्याच्या थेंबानं पसरते. आमचं मत विचाराल तर हाती द्यायच्या पाकिटांवर हातानंच लिहावं. छापील चिठ्ठी बघून लाइटबिल आल्यासारखं वाटतं.

आता नावांचं. हा भाग आम्ही मुद्दाम मागे ठेवला, कारण यावर आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त बोलणं झालं.

आपण 'श्री. अमुक तमुक सहपरिवार' लिहितो. त्या परिवारातल्या बाईचं नाव काय? यादी करताना विचारलं तर उत्तर येतं, 'बाळूची आई', 'धाकटी वहिनी', 'निफाडवाली'. वीस वर्षं जिच्या हातचा चहा पितो तिचं नाव घरातल्या निम्म्या माणसांना आठवत नाही. आम्ही यादीच्या वहीत एक रकाना वाढवला, घरातल्या बाईचं पूर्ण नाव, आणि पाकिटावर दोघांची नावं लिहायला लागलो. शाई तेवढीच लागते, एक ओळ वाढते.

जिचा नवरा गेला आहे तिचा प्रश्न याहून अवघड. पत्रिका मुलाच्या नावानं जाते, मुलगा सोळा वर्षांचा असला तरी. जिनं दहा वर्षं शेत सांभाळलं, हप्ते फेडले, तिला पत्रिकाच नाही. नाहीतर 'गं. भा.' लावून जाते, म्हणजे पाकिटावरच सगळ्यांना कळावं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. मंगळसूत्र, बांगड्या, कुंकू यांवर बोलणं झालं, ते चांगलंच झालं. पण पाकिटावरचं अक्षर बदलायला ठरावही लागत नाही. आम्ही सोपी वाट काढली: सगळ्या बायकांना एकच, नावापुढे 'ताई'. नवरा असो, नसो, लग्न झालेलं असो वा नसो. कुणाला 'सौ.' हवंच असेल तर लिहितो, भांडत नाही. मात्र नवरा गेलेल्या बाईच्या घरी पत्रिका तिच्याच नावानं जाते, यावर आम्ही अडून बसतो. शासनानं १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आईचं नाव आणलंच आहे. लग्नाच्या पाकिटात ते यायला काय हरकत?

एक म्हातारे आजोबा म्हणाले, 'बायांच्या नावानं पत्रिका गेली तर पुरुष येतील का?' आले. जेवायला सगळे येतात.

हे काम गटाला मिळकत म्हणूनही घेता येतं. नाव-गावाची पाकिटं एक बाई तासाला सहज चाळीस लिहिते, पूर्ण पत्त्याची जरा कमी. चौघी बसल्या तर चारशे पाकिटं एका दुपारी होतात. द्राक्षाच्या आणि कांद्याच्या दिवसांत दुपार मिळत नाही, म्हणून काम घेताना किमान चार दिवसांची मुदत मागा. दर शेकड्यावर ठरवा, पेन कुणाचं ते आधी बोला, आणि खराब होणाऱ्या पाकिटांसाठी शेकडा पाच जास्तीची मागून घ्या. अक्षर सुंदर असण्यापेक्षा सुटसुटीत हवं, जोडाक्षरं मोठी. एकीनं यादी वाचायची, दोघींनी लिहायचं, चौथीनं वहीत टिक करून गठ्ठे बांधायचे. जिला लिहिता येत नाही तिला गठ्ठ्यांचं काम द्या, वाटा सगळ्यांना सारखा.

आणि काम घेतानाच मुलीचं वय विचारा. अठरा पूर्ण नसतील, किंवा मुलाची एकवीस, तर पाकीट हातात घ्यायचं नाही. बालविवाहाला मदत करणाराही कायद्यानं गुन्हेगार ठरतो. गावात ग्रामसेवकांना सांगता येतं, १०९८ वर फोन करता येतो, तो फुकट आहे. पत्रिका आपल्या हातात लग्नाच्या तीन आठवडे आधी येते, तेवढ्यात पुष्कळ काही थांबवता येतं.

टपालाची पाकिटं लग्नाच्या निदान पंधरा दिवस आधी टाका, आणि एक पाकीट स्वतःच्या पत्त्यावरही टाका. ते किती दिवसांनी आलं त्यावरून बाकीच्यांचा अंदाज येतो. जी पोचणार नाहीत असं वाटेल, त्यांना फोन लावायला तेवढे दिवस हाताशी राहतात.