तातडीच्या वैद्याची पिशवी

रुग्णवाहिका जेथे थांबते ते ठिकाण आणि रुग्ण जेथे पडलेला असतो ते ठिकाण, यांतील अंतर नकाशावर नगण्य दिसते. परंतु गिरगावातील चाळीचा चौथा मजला, लोकलच्या फलाटाचे दूरचे टोक, उसाच्या फडातील विहिरीचा काठ किंवा सह्याद्रीच्या कड्याखालची वाडी, यांपैकी कोठेही जाण्याचा प्रसंग आला, की गाडीतील सारा सरंजाम, तिचा मोठा ऑक्सिजन सिलिंडर, तिचा मॉनिटर आणि औषधांची कपाटे, खालीच राहतो आणि डॉक्टरबरोबर पुढे जाते ती केवळ त्याच्या पाठीवरची पिशवी. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत वाहन जाईल असा रस्ताच नव्हता. भर पावसात आणि अंधारात निसरड्या पाऊलवाटेने बचावपथकांना चढून जावे लागले, आणि त्या चढणीतच अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचे निधन झाले. अशा वाटेवर पाठीवरचा प्रत्येक जास्तीचा किलो वाहणाऱ्याच्या छातीला जाचतो आणि विसरलेला प्रत्येक जिन्नस वर वाट पाहणाऱ्याच्या जिवावर बेततो. पिशवीत काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हा विचार म्हणूनच उपचाराचा आरंभ होय. तो स्वस्थ वेळी, पूर्ण विवेकाने केलेला असावा लागतो, कारण प्रत्यक्ष प्रसंगी विचाराला अवकाश उरत नाही.

उपचाराने रुग्णाकडे जावे, रुग्णाने उपचाराची वाट पाहत पडून राहू नये, हे तत्त्व आज स्वयंसिद्ध वाटते. पण अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातील सैन्यांचे शुश्रूषापथक रणांगणापासून दूर ठेवलेले असे आणि लढाई संपेपर्यंत जखमी जेथल्या तेथे पडून राहत. फ्रेंच सैन्याचा शल्यविशारद दॉमिनिक लारे याने १७९२ पासून हलक्या, वेगवान गाड्यांची 'उडती' रुग्णवाहिका योजून ही रीत मोडली. पुढे एस्मार्क या जर्मन शल्यविशारदाने त्रिकोणी पट्टी सर्वत्र प्रचारात आणली; एका साध्या कापडाच्या तुकड्याने झोळी, बंध आणि आच्छादन ही तिन्ही कामे करून घेण्याची ती युक्ती अद्यापि प्रत्येक पिशवीत आपले स्थान राखून आहे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली, आणि २०१७ मध्ये मुंबईच्या गर्दीतून वाट काढण्यासाठी दुचाकी रुग्णवाहिका आल्या. दुचाकीवरून एकटाच निघालेला डॉक्टर काय घेऊन जाऊ शकेल, या प्रश्नाने तर आटोपशीरपणाची कसोटीच लावली.

प्रथम पिशवीचा विचार. हातात धरायची पेटी जिन्यावर आणि डोंगरवाटेवर सारखीच निरुपयोगी ठरते, कारण तेथे कठड्याला, दोराला किंवा सोबत्याला धरण्यासाठी हात मोकळे हवे असतात; म्हणून दोन्ही खांद्यांवर भार वाटणारी आणि कमरेला पट्टा असलेली पाठपिशवीच पत्करावी. तीस लिटरांच्या आसपासचे आकारमान बहुतेक कामांना पुरेसे होते, आणि भरल्यावर तिचे वजन दहा किलोंच्या आत राहील, अशी मर्यादा आधीच मुक्रर करून टाकावी. कारण मर्यादा नसली, की "असू द्यावे बरोबर" या न्यायाने एकेक वस्तू शिरत जाते आणि मोठ्या पिशवीतला प्रत्येक रिकामा कोपरा भरल्यावाचून राहत नाही. कापड पाण्याला दाद न देणारे आणि रक्त लागल्यास धुऊन निघणारे असावे, तळ कडक असावा, अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या असाव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिची चेन तिन्ही बाजूंनी उघडून ती जमिनीवर पुस्तकासारखी सपाट पसरता यावी, म्हणजे एका दृष्टिक्षेपात आतील सर्व काही दिसते. वरच्या बाजूने तोंड असलेल्या खोल पिशवीत हवी ती वस्तू नेमकी तळाशी असते आणि ती काढताना बाकीचे सर्व चिखलात पडते.

आतील वस्तूंचा क्रम कोणता असावा, याचे उत्तर शरीरशास्त्रानेच देऊन ठेवले आहे: मृत्यू ज्या क्रमाने येतो त्याच क्रमाने पिशवी भरावी. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातील चाळीस टक्के वाहून गेले, की जीव वाचवणे दुष्कर होते, आणि मांडीची मुख्य धमनी तुटली असता ही वेळ काही मिनिटांत येते. म्हणून रक्तस्राव थांबवणारी साधने अगदी बाहेरच्या कप्प्यात, एका हाताने उघडता येतील अशी ठेवावीत. त्यांत अग्रस्थान टूर्निकेटचे. हा रुंद, दांडीने पिळून आवळता येणारा पट्टा जखमेच्या वर सुमारे चार बोटांवर, सांधा टाळून बांधावा, रक्त थांबेपर्यंत आवळावा आणि बांधल्याची वेळ त्यावरच लिहावी. कारण सुमारे दोन तासांपलीकडे तो तसाच राहिल्यास अवयवाला धोका वाढत जातो. जांघेत किंवा काखेत हा पट्टा चालत नाही; तेथे जखमेच्या तळापर्यंत गॉझ ठासून वरून पूर्ण भाराने दाबावे लागते, आणि गॉझ साधा असेल तर हा दाब दहा मिनिटे न उचलता कायम ठेवावा लागतो. म्हणून दोन टूर्निकेट, गॉझच्या भरपूर घड्या, दाबपट्ट्या, कपडे कापण्याची बोथट टोकाची दणकट कात्री आणि हातमोज्यांचे तीन-चार जोड, एवढ्या वस्तूंत काटकसर करू नये.

त्यानंतर श्वासमार्ग. मेंदूला चार ते सहा मिनिटे प्राणवायू मिळाला नाही, तर त्याची हानी सुरू होते. आणि बेशुद्ध माणसाचा श्वास कोंडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे घशात मागे पडलेली त्याचीच जीभ. ती पुढे धरून ठेवणाऱ्या वक्र नळ्या निरनिराळ्या मापांच्या असतात. ओठांच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत धरून त्यांचे माप घेता येते, म्हणून लहानमोठी तीन-चार मापे जवळ असली, की बालकापासून प्रौढापर्यंत काम भागते. उलटी किंवा रक्त ओढून काढण्यासाठी हाताने चालणारा पंप घ्यावा. विजेचे यंत्र गाडीतच शोभते. श्वास देण्यासाठी अंबू बॅग हवी. डेन्मार्कमध्ये १९५६ साली तयार झालेली, दाबल्यावर आपोआप पुन्हा फुगणारी ही पिशवी विजेवर किंवा सिलिंडरवर अवलंबून नाही, हेच तिचे मोठेपण होय. प्रौढांचा आणि मुलांचा असे दोन मुखवटे तिच्यासोबत असावेत. छातीला भोक पडले असेल तर ते झाकणारी चिकट झडप, दम्यासाठी साल्ब्युटामॉलचा फवारा आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, ही साधने त्याच कप्प्यात मावतात.

ऑक्सिजनच्या सिलिंडरचा हिशेब मात्र प्रत्येकाने एकदा कागदावर करून पाहावा. दोन लिटर पोकळीच्या सिलिंडरात १५० बार दाबाने वायू भरला, तर त्यातून सुमारे ३०० लिटर प्राणवायू मिळतो. मिनिटाला दहा लिटर या गतीने तो अर्ध्या तासात संपतो. चाळीच्या जिन्यावरून रुग्ण गाडीपर्यंत आणायला अर्धा तास पुरेसा आहे. डोंगरवाटेवरून आणायला नाही. तेव्हा शहरातील पिशवीत असा सिलिंडर घेणे योग्य, आणि डोंगरात तो वेगळ्या सोबत्याच्या पाठीवर देणे अधिक योग्य.

तिसरे स्थान रक्ताभिसरणाचे. येथे विवेकाची गरज सर्वाधिक भासते, कारण सलाईनच्या बाटल्या पाहिल्या, की रुग्णाच्या आप्तांना धीर येतो आणि त्या भरपूर न्याव्यात असे डॉक्टरलाही वाटते. परंतु अर्ध्या लिटरची प्रत्येक बाटली अर्धा किलो वजनाची असते, आणि वाहत्या रक्ताच्या जागी नुसते मिठाचे पाणी भरत राहिल्यास उरलेले रक्त पातळ होऊन त्याची गोठण्याची शक्तीच घटते. याउलट ट्रॅनेक्झॅमिक ऍसिड या औषधाच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन लहानशा अँप्यूलचे वजन जाणवतही नाही. जपानमधील ओकामोतो दांपत्याने १९६२ मध्ये जगापुढे आणलेले हे औषध, अपघातानंतर तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी करते, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, चाळीस देशांतील वीस हजारांहून अधिक जखमींवरील अभ्यासाने दाखवून दिले. त्यात भारतातील रुग्णालयांचाही सहभाग होता. सलाईनच्या एक-दोन बाटल्या, शिरेत घालायच्या सुयांची दोन-तीन मापे आणि हे औषध, इतके पुरे. त्याच कप्प्यात चंदेरी आवरणाची घडी ठेवावी; गारठलेल्या शरीराचे रक्त नीट गोठत नाही, आणि श्रावणातल्या पावसात भिजलेला जखमी सह्याद्रीतही गारठतो.

औषधांची यादी जितकी मोठी तितकी ती निरुपयोगी. जे औषध काही मिनिटांत जीव वाचवते आणि ज्याची मात्रा देणाऱ्याला तोंडपाठ आहे, तेवढेच घ्यावे: तीव्र ऍलर्जीसाठी मांडीच्या स्नायूत द्यायचे ऍड्रेनॅलिन, हृदयविकाराच्या झटक्यात चावून खायची ऍस्पिरिन, रक्तातील साखर उतरलेल्यासाठी ग्लुकोज आणि ती मोजणारा ग्लुकोमीटर. याखेरीज मुलखाचा विचार करावा. कोकणातल्या पिशवीत प्राझोसिनच्या गोळ्या असाव्यात. लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर येणारे संकट या मुळात रक्तदाबाच्या असलेल्या औषधाने टळते, हे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी सिद्ध केले आणि त्या दंशाचे मृत्यू विलक्षण घटले. विदर्भ-मराठवाड्यात, जेथे कीटकनाशकांची विषबाधा घडते आणि जेथे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी व शेतमजूर त्या विषाने मरण पावले, तेथे ऍट्रोपिनचा साठा मुबलक हवा, कारण ०.६ मिलिग्रॅमच्या अँप्यूल पहिल्या मात्रेलाच अनेक लागतात. आणि सर्वत्र, बाळंतपणाची एक बंद थैली: नाळेचे दोन चिमटे, निर्जंतुक ब्लेड आणि बाळाला पुसून गुंडाळायला कोरडे, मऊ कापड.

सर्पदंशावरचे प्रतिविष मात्र या पिशवीत नको. त्याच्या आठ-दहा कुप्या प्रारंभीच लागतात, आणि ते देताना तीव्र प्रतिक्रिया उद्भवू शकते. तेव्हा अवयव स्थिर ठेवून, आवळपट्टी न बांधता, रुग्णाला रुग्णालयात पोहोचवणे हाच तेथील उपचार. टाके घालण्याचा संच, खोकल्याची औषधे आणि जे काम गाडीत किंवा रुग्णालयात अधिक चांगले होते त्याची सर्व साधने, याच न्यायाने मागे ठेवावीत.

वस्तू ठरल्यावर मांडणी. प्रत्येक कार्याची थैली निराळी आणि निराळ्या रंगाची असावी, तिच्या झाकणाची बाजू पारदर्शक असावी, आणि एका वस्तूमागे दुसरी दडवलेली नसावी. टूर्निकेट वेष्टनातून काढून, पट्टा मोकळा करून ठेवावा. रक्ताने ओल्या झालेल्या हातांनी प्लॅस्टिकचे वेष्टन फाटत नाही. सारख्या दिसणाऱ्या अँप्यूल शेजारी ठेवू नयेत. मुख्य म्हणजे एका सेवेतील साऱ्या पिशव्या एकाच नमुन्याने भराव्यात. आपल्या सवयीप्रमाणे मांडणी बदलण्याचा मोह एकेकट्याला सोयीचा वाटला, तरी दुसऱ्या पाळीच्या सहकाऱ्याला अंधारात त्याच पिशवीत चाचपडावे लागते, आणि तो शोधण्याचा वेळ रुग्णाच्या आयुष्यातून वजा होतो.

एवढे करूनही पिशवी एकदा भरून संपत नाही. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील उष्णता त्याहूनही अधिक असते. अशा ठिकाणी चिकटपट्टीचा गोंद वितळतो, हातमोजे चिकटून फाटतात, आणि उष्णता व प्रकाश यांनी क्षीण होणारे ऍड्रेनॅलिन बाटलीवरील मुदत शिल्लक असतानाही आपले बळ गमावू शकते. कोकणात दमटपणा हेच काम सावकाश करतो. यासाठी औषधांची थैली पाळी संपल्यावर सावलीत, थंड जागी नेऊन ठेवावी. ज्यांची मुदत आधी संपते ती औषधे पुढे ठेवावीत. यंत्रांच्या बॅटऱ्या तपासाव्यात, वापरलेली वस्तू त्याच दिवशी भरावी, आणि तपासणी पूर्ण झाल्यावर क्रमांक घातलेले प्लॅस्टिकचे मोहोरबंद लावून त्या क्रमांकाची नोंदवहीत नोंद करावी. मोहोर शाबूत असेल तर आतील सारे जागच्या जागी आहे, याची खातरजमा एका क्षणात होते. तुटलेली असेल तर पिशवी उघडून यादीबरहुकूम प्रत्येक जिन्नस हाताळल्याखेरीज ती पाठीवर घेऊ नये.

हे काम कोणाच्या दृष्टीस पडत नाही आणि त्याची बातमी होत नाही. नव्या रुग्णवाहिकांचे लोकार्पण समारंभाने होते, त्यांची संख्या सभागृहात सांगितली जाते. पण त्या गाड्यांतील पिशव्या आज सकाळी कोणी तपासल्या, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो आपण नागरिकांनी विचारला पाहिजे. पाळी बदलताना पिशवी तपासण्यासाठी लागणारी वीस-पंचवीस मिनिटे सेवेच्या वेळापत्रकात अधिकृतपणे धरली जावीत, संपलेल्या औषधाची मागणी दप्तराच्या फेऱ्यात न अडकता त्याच दिवशी पुरी व्हावी, आणि मुदत टळलेली कुपी सापडल्यास ती दाखवून देणाऱ्याला शाबासकी मिळावी, एवढी तजवीज कोणत्याही शासनाच्या आवाक्यातील आहे. एका गाडीच्या किमतीपुढे तिला लागणारा खर्च अल्प आहे, आणि तिच्यावाचून त्या गाडीचे मोल फार कमी आहे; कारण संकटात सापडलेल्या माणसापर्यंत समाजाची सहानुभूती, शासनाचा पैसा आणि वैद्यकाचे ज्ञान, ही तिन्ही अखेरीस त्या दहा किलोंच्या आत जेवढी बसतील तेवढीच पोहोचतात.