चाचणीच्या साधनांची पारख

बचत खात्यावरील व्याज, रेल्वेचे आरक्षण, विजेचे देयक, रुग्णालयातील नोंदी ही सारी कामे आज ज्या आज्ञावल्यांच्या, म्हणजेच सॉफ्टवेअरच्या, आधारे चालतात त्या एकदा लिहिल्या की संपल्या असे होत नाही. सरकार कराचा दर बदलते, बँक नवी ठेवयोजना आणते, ग्राहकांच्या तक्रारींवरून अर्जाची मांडणी बदलावी लागते. अशा प्रत्येक बदलाबरोबर कालपर्यंत बिनचूक चालणारे असे काहीतरी बिघडण्याचा संभव असतो. मुदत ठेवीचा हिशेब सुधारला म्हणून धनादेश-पुस्तिकेच्या मागणीचा अर्ज बंद पडावा, हे बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. या व्यवसायातील माणसाला ते नित्याचे आहे. दोन्ही कामे आतून तारखांचा हिशेब करणारा एकच भाग वापरीत असतात, एवढेच त्यामागील रहस्य.

म्हणून बदललेला भाग तेवढा तपासून भागत नाही. जे बदलले नाही तेही पुन्हा तपासावे लागते. समजा, एखाद्या कंपनीच्या आज्ञावलीसाठी अशा ८०० तपासण्या ठरलेल्या आहेत आणि प्रत्येकीस १० मिनिटे लागतात. म्हणजे एकूण १३३ तास झाले. पाच माणसांनी रोज आठ तास दुसरे काहीही न करता काम केले तरी तीन दिवसांहून अधिक. दर पंधरवड्यास नवी आवृत्ती काढावयाची असेल तर हा खर्च परवडत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे तो वाया जातो. तोच अर्ज पन्नासाव्यांदा भरणारा माणूस पडद्याकडे पाहत नाही. तेथे काय असेल ते गृहीत धरतो.

हे पुनरावृत्तीचे काम यंत्राकडे सोपवणारी जी साधने आहेत त्यांना स्वयंचलित चाचणीची साधने म्हणतात. माणसाप्रमाणेच ती पान उघडतात, रकाने भरतात, बटन दाबतात आणि आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहतात. अशी साधने आज डझनावारी उपलब्ध आहेत, आणि निवड करण्याची वेळ आली की कंपन्यांमध्ये बहुधा एक तक्ता तयार होतो. डाव्या बाजूस गुणांची यादी, वरच्या बाजूस साधनांची नावे आणि चौकटीत बरोबरच्या खुणा. या तक्त्याची अडचण अशी की, जवळजवळ सर्वच चौकटींत बरोबरची खूण येते. जो फरक पुढे महागात पडतो तो तक्त्यात नसतोच. आज लिहिलेली चाचणी आणखी सहा महिन्यांनी, पडदा बदलल्यावर, कोण दुरुस्त करणार आणि त्यास किती वेळ लागणार, हा तो फरक होय.

साधनाकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा लागतो: तपासणी कोणत्या पातळीवर करावयाची? व्याजाचे सूत्र बरोबर आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी ब्राउझर उघडून, लॉग-इन करून, चार पाने ओलांडण्याची गरज नसते; ते सूत्र आज्ञावलीतच थेट तपासता येते. केंट बेक यांनी स्मॉलटॉक या भाषेसाठी अशा लहान तपासण्यांची चौकट पूर्वीच तयार केली होती. १९९७ मध्ये एरिक गामा यांच्यासमवेत विमानाने अमेरिकेला जाताना त्या दोघांनी जावा भाषेसाठी तिचे नवे रूप लिहिले. तेच जे-युनिट. पुढे जवळजवळ प्रत्येक भाषेत त्याची भावंडे निघाली. या साधनांची निवड हा फारसा वादाचा विषय नाही. आज्ञावली ज्या भाषेत लिहिली आहे तीच निवड ठरवून टाकते. त्यावरच्या पातळीवर निरनिराळे भाग एकमेकांशी जो संवाद करतात तो तपासता येतो, आणि अगदी वर, ग्राहक जे पाहतो त्या पडद्यावर. २००९ मध्ये माइक कोन यांनी आपल्या पुस्तकात याची तुलना पिरॅमिडशी केली: पायाशी लहान तपासण्या पुष्कळ, माथ्यावर पडद्याच्या तपासण्या थोड्या. प्रत्यक्षात अनेक कंपन्या हा पिरॅमिड उलटा उभारतात, कारण पडद्यावरची तपासणी वरिष्ठांना दाखवता येते. बटने आपोआप दाबली जात आहेत हे दृश्य मोठे मोहक असते.

तरीही पडद्याच्या काही तपासण्या लागतातच, आणि साधनांच्या निवडीचा खरा वाद तेथेच आहे. या साधनांची पहिली पिढी ध्वनिमुद्रणासारखी होती. माणसाने एकदा काम करून दाखवावे, साधनाने ते टिपून घ्यावे व हवे तेव्हा पुन्हा करून दाखवावे. मर्क्युरी इंटरॲक्टिव्ह या कंपनीची साधने या काळात मोठ्या कंपन्यांत सर्वत्र दिसत. त्यांच्या परवान्यांना भारी किंमत पडे. पण खरी किंमत पुढे कळे. टिपून घेतलेल्या शेकडो चाचण्यांत लॉग-इनची तीच तीच क्रिया शेकडो वेळा नोंदलेली असे. लॉग-इनच्या पानावर एक रकाना वाढला की सर्व चाचण्या एकाच दिवशी निकामी होत.

२००४ मध्ये शिकागो येथे, थॉटवर्क्स या कंपनीत, जेसन हगिन्स हे कर्मचाऱ्यांच्या वेळेचा व खर्चाचा हिशेब ठेवणारी एक अंतर्गत आज्ञावली तपासण्यासाठी साधन तयार करीत होते. त्याचे नाव त्यांनी सेलेनियम ठेवले. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियमचा उतारा पडतो, असा हा विनोद होता. साधन मुक्त स्रोताचे, म्हणजे कोणीही विनामूल्य घ्यावे व सुधारावे असे होते. सायमन स्टुअर्ट यांनी स्वतंत्रपणे तयार केलेले वेबड्रायव्हर पुढे त्यात विलीन झाले, आणि २०१८ मध्ये ब्राउझरला बाहेरून आज्ञा देण्याच्या वेबड्रायव्हरच्या या पद्धतीस जागतिक वेब संघटनेने प्रमाणपद्धती म्हणून मान्यता दिली. मर्क्युरी कंपनी २००६ मध्येच एच.पी.ने सुमारे साडेचार अब्ज डॉलरांना विकत घेतली होती. तिचे प्रमुख साधन नावे बदलत २०१७ मध्ये मायक्रो फोकसकडे आणि २०२३ मध्ये ओपनटेक्स्टकडे गेले. त्यातील चाचण्या ज्या व्हीबीस्क्रिप्ट भाषेत लिहिल्या जात, ती भाषा आपल्या प्रणालीतून क्रमाने काढून टाकण्याचे मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केले.

विनामूल्य साधनेही अमर नसतात. पडद्याविना चालणारा फँटमजेएस हा ब्राउझर एके काळी चाचण्यांसाठी घरोघरी वापरला जाई. क्रोमलाच ती सोय आल्यावर २०१८ मध्ये त्याचे काम थांबले. गूगलच्या अँग्युलर गटाने काढलेल्या प्रोट्रॅक्टरची समाप्ती २०२१ मध्ये जाहीर झाली, आणि ज्यांनी त्यात हजारो चाचण्या लिहिल्या होत्या त्यांना त्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या.

आज पडद्याच्या चाचणीसाठी कंपनीपुढे बहुधा तीन नावे येतात: सेलेनियम, सायप्रेस आणि प्लेराइट. सेलेनियम प्रत्येक आज्ञा ब्राउझरच्या चालकाकडे स्वतंत्र विनंती म्हणून पाठवते. त्यामुळे ते जावा, पायथन, सी-शार्प अशा अनेक भाषांतून वापरता येते आणि सफारीसह प्रत्यक्ष ब्राउझर चालवू शकते. सायप्रेस ब्राउझरच्या आतच, तपासावयाच्या पानाशेजारी चालते. त्यामुळे चूक कोठे झाली हे ते फार स्पष्टपणे दाखवते. मात्र चाचण्या जावास्क्रिप्ट अथवा टाइपस्क्रिप्टमध्येच लिहाव्या लागतात, आणि एका व्यवहारात अनेक खिडक्या उघडत असतील तर त्याची अडचण होते. प्लेराइट मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये प्रसिद्ध केले. ते करणाऱ्यांपैकी अनेकांनी पूर्वी गूगलमध्ये पपेटिअर हे साधन घडवले होते. ते ब्राउझरशी सतत खुली जोडणी ठेवते आणि क्रोमियम, फायरफॉक्स व वेबकिट या तिन्ही कुळांवर चालते. पण सफारी ज्यावर बेतलेली आहे ते वेबकिट आणि प्रत्यक्ष सफारी यांत थोडा भेद राहतो, हे ग्राहकांत आयफोनधारक पुष्कळ असतील तर विसरून चालत नाही. ब्राउझरमध्ये नव्हे तर फोनवरच उतरवून घेतलेल्या ॲपसाठी ॲपियमसारखे वेगळे साधन लागते. तसेच एकाच वेळी हजारो ग्राहक आले तर काय होईल हे पाहण्यासाठी जेमीटरसारखे. या निरनिराळ्या कामांची साधने एकाच तक्त्यात घालून गुण देणे म्हणजे करवत आणि वजनकाटा यांची तुलना होय.

तिन्हींतील सर्वांत महत्त्वाचा भेद मात्र वाट पाहण्याच्या रीतीत आहे. पान ब्राउझरमध्ये एकदम अवतरत नाही; तुकड्यातुकड्यांनी येते. माणूस बटन दिसेपर्यंत सहज थांबतो. यंत्राला थांबावयास सांगावे लागते. सेलेनियममध्ये हे सांगण्याची जबाबदारी चाचणी लिहिणाऱ्यावर असते, आणि नवशिका प्रत्येक पायरीस पाच सेकंद थांबण्याची आज्ञा लिहून मोकळा होतो. अशा १० पायऱ्यांच्या ५०० चाचण्या असतील, तर त्या एकामागून एक चालविताना निव्वळ थांबण्यात जवळजवळ सात तास जातात. आणि ज्या दिवशी पान सहा सेकंदांनी येते त्या दिवशी चाचणी उगाच नापास होते. प्लेराइट बटन दिसेपर्यंत, स्थिर होईपर्यंत आणि दाबण्याजोगे होईपर्यंत स्वतःहून थांबते. सायप्रेसही ठरावीक काळ पुनःपुन्हा प्रयत्न करते.

उगाच नापास होणाऱ्या अशा लहरी चाचण्यांचा उपद्रव बाहेरून दिसतो त्याहून पुष्कळ मोठा असतो. ३०० चाचण्या आहेत आणि प्रत्येक जण २०० वेळांत एकदाच विनाकारण नापास होते असे धरले, तरी गणिताने पाचपैकी जवळजवळ चार रात्री अहवालात निदान एक तरी लाल ओळ येते. आपल्या एकूण चाचण्यांपैकी जवळजवळ १६ टक्के चाचण्यांत कमीअधिक लहरीपणा आढळतो, असे गूगलनेही २०१६ मध्ये नमूद केले होते. महिनाभर लांडगा आला रे आला झाल्यावर लाल ओळीकडे कोणी पाहत नाही. आणि खरा दोष येतो तो बहुधा त्याच ओळीतून.

भारतीय कंपनीने आणखी एक गोष्ट पाहावी. 'कऱ्हाड' हे गावाचे नाव युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारांनी साठवले जाऊ शकते. 'ऱ' या स्वतंत्र वर्णाचा पाय मोडूनही ते लिहिता येते, आणि साध्या 'र'चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही. पडद्यावर दोन्ही एकसारखीच दिसतात. अक्षरे जशीच्या तशी ताडणाऱ्या साधनाला ती भिन्न वाटतात. रकमेतील स्वल्पविरामांचेही असेच: १०,००,००० आणि १,०००,००० हे माणसाला एक, यंत्राला दोन. हा दोष साधनाचा म्हणता येत नाही. पण साधनाची परीक्षा इंग्रजी नावे आणि लहान रकमा देऊनच घेतली, तर तो लक्षात येत नाही.

खर्चाचा विचार करताना परवान्याची रक्कम डोळ्यांत भरते, परंतु बहुतेक ठिकाणी चाचण्या लिहिणाऱ्यांचे व सांभाळणाऱ्यांचे वेतन तिला सहज मागे टाकते. म्हणून एकही ओळ न लिहिता चाचण्या करून देण्याचे विक्रेत्यांचे आश्वासन आकर्षक वाटते. ते ध्वनिमुद्रणाच्या पिढीपासून चालत आले आहे. आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली असून, बटनाची ओळख बदलली तर नवे बटन साधन आपणच हुडकून काढते. ही सोय उपयोगी आहे. पण बटन चुकून नाहीसेच झाले असेल आणि साधनाने शेजारचे तसेच दिसणारे दाबून पुढे चाल केली, तर अहवाल हिरवा राहतो. याउलट, ज्या कंपनीत आज्ञावली लिहिणारे जावा जाणतात आणि चाचणी करणारे काहीच लिहीत नाहीत, तेथे निव्वळ बोलबाला आहे म्हणून टाइपस्क्रिप्टमधील साधन घेतले, तर नापास चाचणी कोणीच उघडून पाहत नाही.

यास्तव विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकापेक्षा स्वतःच्या घरची दोन आठवड्यांची परीक्षा अधिक सांगून जाते. दहा साधने नकोत, दोनच घ्यावीत. तपासण्यास तीन व्यवहार निवडावेत: एक सोपा, एक अतिशय त्रासदायक, जेथे फाइल जोडावी लागते व दुसरी खिडकी उघडते, आणि एक असा, की जो बिघडला तर कंपनीचे सर्वाधिक नुकसान होईल. चाचण्या विक्रेत्याच्या अभियंत्याने नव्हे, तर पुढे त्या सांभाळणाऱ्या माणसानेच लिहाव्यात. नंतर आज्ञावलीत काहीही न बदलता प्रत्येक चाचणी रात्रभरात शंभर वेळा चालवावी. जी नापास होईल ती लहरी. दुसऱ्या आठवड्यात लॉग-इनचे पान बदलावे आणि सर्व चाचण्या पुन्हा चालू होईपर्यंत किती तास लागले ते घड्याळ लावून मोजावे. हा एक आकडा खुणांच्या साऱ्या तक्त्याहून मोलाचा ठरतो.

शेवटी काही दोष मुद्दाम पेरून पाहावेत. ४ जून १९९६ रोजी एरिआन-५ हे अग्निबाण फ्रेंच गयानातून निघाले आणि सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. दिशादर्शक आज्ञावलीचा भाग एरिआन-४ वरून जसाच्या तसा घेतला होता, आणि नव्या अग्निबाणाच्या आडव्या वेगाचा आकडा त्यासाठी राखलेल्या १६ बिटांच्या जागेत मावला नाही. पर्यायी संचातही तीच आज्ञावली असल्यामुळे तोही त्याच कारणाने बंद पडला. नव्या उड्डाणमार्गाचे आकडे देऊन तो भाग कोणी तपासलाच नव्हता. घरच्या परीक्षेत म्हणूनच व्याज काही पैशांनी चुकवावे, २९ फेब्रुवारीला मुदत संपणारी ठेव घालावी, 'कऱ्हाड' दोन्ही प्रकारांनी लिहावे, आणि दोन्ही साधने रात्री चालू ठेवून घरी जावे. सकाळी एकाने दोष पकडला आणि दुसऱ्याने सोडला, तर कारण शोधता येते. दोघांचेही अहवाल हिरवे असतील, तर साधने बाजूस ठेवून तपासण्यांची यादी करणाऱ्यांबरोबरच बसावे लागते. त्या बैठकीस बँकेच्या खिडकीमागे वर्षानुवर्षे काम केलेला एखादा कारकून बोलावता आला, तर फार चांगले.