एकाच्या माथी गटकार्य? जिगसॉ करून बघा!

कॉलेजातलं ‘गटकार्य’ म्हणजे बहुतेकदा एकाने प्रोजेक्ट लिहायचा आणि बाकीच्यांनी नावं टाकायची. यावर १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनला मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरनसन यांनी तोड काढली: जिगसॉ पद्धत.

उदाहरणार्थ, सांगलीच्या वर्गासाठी विषय घ्या २०१९ चा महापूर. चौघांचे गट. एकाकडे पावसाची आकडेवारी, दुसऱ्याकडे कोयना धरणाचा विसर्ग, तिसऱ्याकडे अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद, चौथ्याकडे पूररेषेतली बांधकामं. आधी सगळ्या गटांतले ‘कोयनावाले’ एकत्र बसून आपला भाग पक्का करतात, तसेच बाकीचेही. मग आपापल्या गटात परतून शिकवतात. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर का गेलं, हे चारही तुकडे जुळल्याशिवाय कळतच नाही. म्हणजे कुणी दांडी मारली की गट अडतो. खरी गंमत इथेच आहे!

परीक्षा मात्र प्रत्येकाची वेगळी घ्या. गटाला सरसकट गुण दिले की फुकटे पुन्हा हजर.

भेद विसरून एकत्र शिकण्याची मुळं आपल्याकडे जुनी आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यातल्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, जेवत, कष्ट करत. १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजना रुजली. अॅरनसन यांचा प्रयोगही वर्णद्वेषाने दुभंगलेल्या वर्गांसाठीच होता, हे विशेष.

प्राध्यापक मित्रांनो, गट तुम्हीच पाडा. मुलांवर सोडलंत तर गाववाले गाववाल्यांतच बसतील. एका तासिकेत करून बघा आणि कमेंटमध्ये कळवा.