सहवासाचे शिक्षण

'ताट' हा शब्द सावकाश उच्चारून पहा. 'त' म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांना टेकते. 'ट' म्हणताना तेच टोक मागे वळून टाळूला लागते. या दोन ध्वनींची गफलत होऊ शकेल हे आपल्याला खरेही वाटत नाही. पण केवळ इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये वाढलेल्या प्रौढ माणसाला हे ध्वनी ऐकवले, तर बहुधा त्याला ते एकच वाटतात. त्याचे कान उत्तम असतात. मग फरक कळत का नाही?

या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या शास्त्रज्ञांनी कॅनडात तान्ह्या मुलांवर प्रयोग केले. ते १९८४ साली प्रसिद्ध झाले. एकच ध्वनी पुन्हा पुन्हा ऐकवायचा आणि मधेच तो बदलायचा. बदल ओळखून बाळाने मान वळवली, की त्याला हलणारे खेळणे दिसे. इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतला फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र फारच थोड्यांना तो कळला. हिंदी ऐकत वाढलेल्या त्याच सुमाराच्या बाळांची ही क्षमता शाबूत होती.

याचा अर्थ असा, की मूल जन्मतः अनेक भाषांचे ध्वनी वेगळे ओळखू शकते. पुढे भोवतालच्या बोलण्यात जे फरक कामाचे असतात त्यांकडे त्याचा मेंदू अधिक लक्ष देऊ लागतो आणि बाकीचे सोडून देतो. आपणही याला अपवाद नाही. 'तमिळ' या शब्दातला शेवटचा ध्वनी तमिळ भाषक उच्चारतात, तो आपला 'ळ' नव्हे. त्यांच्या भाषेत 'ळ' वेगळा आणि हा ध्वनी वेगळा. आपल्यापैकी अनेकांना मात्र दोन्ही सारखेच ऐकू येतात.

माणूस समोर हवा

सोडून दिलेले परत मिळवता येते का? पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली याचे उत्तर दिले. अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या बाळांबरोबर चिनी भाषा बोलणारी माणसे खेळली, त्यांना पुस्तके वाचून दाखवली. अशा १२ बैठका झाल्या. त्यानंतर चिनी ध्वनींमधील फरक ही बाळे तैवानमध्ये वाढणाऱ्या बाळांइतक्याच चांगल्या रीतीने ओळखू लागली. दुसऱ्या गटातील बाळांना तीच माणसे, तेच बोलणे चित्रफितीवर दाखवले किंवा नुसते ऐकवले. त्यांच्यात काहीच फरक पडला नाही. बाळाकडे पाहणारा, त्याला प्रतिसाद देणारा माणूस समोर असावा लागतो. 'विविधतेत एकता' हा धडा नुसता वाचून दाखवणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ध्वनींचे जे, तेच काहीसे चेहऱ्यांचे. इस्रायलमधील यैर बार-हाइम आणि सहकाऱ्यांनी २००६ साली तीन महिन्यांच्या बाळांचे तीन गट तपासले. इस्रायलमधील गोऱ्या कुटुंबांतील बाळे गोऱ्या चेहऱ्यांकडे अधिक वेळ पाहत. इथिओपियातील बाळे आफ्रिकी चेहऱ्यांकडे अधिक वेळ पाहत. तिसरा गट इथिओपियातून इस्रायलमध्ये आलेल्या कुटुंबांतील बाळांचा होता. त्यांच्या नित्य पाहण्यात दोन्ही प्रकारची माणसे होती. या बाळांनी दोहोंकडे सारखेच पाहिले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ओळखीच्या चेहऱ्याकडे अधिक पाहणे म्हणजे दुसऱ्याचा तिरस्कार नव्हे. तीन महिन्यांच्या बाळाला जात, धर्म, श्रीमंती यांचा पत्ताही नसतो. या प्रयोगांतून कळते ते एवढेच, की कान आणि डोळे सहवासात घडतात. आवडनिवड आणि आपपरभाव यांचे काय, हे पाहण्यासाठी आपल्याला शाळेच्या वयाकडे यावे लागेल.

कोणाला संघात घ्याल?

दिल्लीतील अनेक खासगी शाळांना २००७ पासून प्रवेशाच्या २० टक्के जागा गरीब घरांतील मुलांसाठी ठेवाव्या लागल्या. त्यामुळे एकाच शाळेत आधीच्या वर्गांत सगळी सुखवस्तू मुले, तर पुढच्या वर्गांत मिश्र मुले, अशी स्थिती आली. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी या वर्गांची तुलना केली. त्यांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला.

त्यातील एक प्रयोग रिले शर्यतीचा होता. सुखवस्तू मुलांना आपला जोडीदार निवडायचा होता. एका बाजूला गरीब घरातला पण वेगाने धावणारा मुलगा, दुसऱ्या बाजूला आपल्यासारख्याच घरातला पण हळू धावणारा. शर्यत जिंकली तर रोख बक्षीस होते. तरीही काही मुलांनी हळू धावणाराच निवडला! बक्षीस लहान असताना असे अधिक घडले. ज्यांच्या वर्गात गरीब घरांतील मुले होती, त्यांच्यात हा भेदभाव कमी आढळला. अशी मुले शाळेतील मदतकार्यासाठी अधिक संख्येने पुढे आली आणि वाटून घेण्याच्या खेळातही अधिक उदार ठरली. ही उदारता गरीब मुलांपुरती नव्हती, श्रीमंत मुलांशीही ती तशीच वागली.

किंमत काय पडली? गणित व हिंदीच्या गुणांवर परिणाम दिसला नाही, इंग्रजीचे गुण थोडे उतरले. शिक्षकांनी बेशिस्तीच्या, विशेषतः अपशब्दांच्या, काही तक्रारीही नोंदवल्या. हेही सांगायला हवे.

या शर्यतीत भेदभावाने नुकसान कोणाचे झाले? ज्याला निवडले नाही त्याचे झालेच. पण निवडणाऱ्याचेही झाले. चांगला धावपटू डोळ्यांसमोर पळताना पाहूनही तो त्याला आपल्या संघात घेता आला नाही. ज्यांच्यात आपण कधी वावरलो नाही, ती सगळी माणसे आपल्याला एकाच साच्याची वाटतात. सहवास असला की त्यातला हुशार, आळशी, विनोदी, भरवशाचा असा एकेक जण वेगळा दिसू लागतो. निरनिराळ्या माणसांत वाढल्याचा वैयक्तिक लाभ आमच्या मते हाच: माणसे पारखण्याची नजर मिळते.

नुसते शेजारी बसवून भागत नाही

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच सांगितले होते, की सहवासाने पूर्वग्रह कमी होण्यासाठी काही गोष्टी जुळून याव्या लागतात. दर्जा समान हवा, ध्येय एक हवे, ते सहकार्याने गाठायचे असावे आणि वडीलधाऱ्यांचा किंवा संस्थेचा त्याला पाठिंबा हवा.

याचा पडताळा उत्तर प्रदेशातील क्रिकेटच्या मैदानावर मिळाला. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने बाराशेहून अधिक तरुणांचे संघ चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले. काही संघ एकाच जातीचे, काही मिश्र. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की मिश्र संघात खेळलेल्यांची इतर जातींतील मुलांशी मैत्री वाढली. इतर जातींतील खेळाडू प्रतिस्पर्धी म्हणून ज्यांच्या वाट्याला अधिक आले, त्यांची मात्र अशी मैत्री कमी झाली. मैदान तेच, खेळ तोच. फरक फक्त एका बाजूने खेळण्याचा की समोरासमोर, एवढाच.

आता आपल्या वर्गाकडे पाहू. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) खासगी विनाअनुदानित शाळांतील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. या वादात चर्चा झाली ती प्रामुख्याने प्रवेश आणि शुल्काची. वर्गात आधीपासून असलेल्या सुखवस्तू मुलाला काय मिळते, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

आणि प्रवेश मिळाल्यानंतरचे काम न्यायालय करू शकत नाही, ते शिक्षकच करू शकतात. या मुलांची वेगळी तुकडी किंवा वेगळा बाक केला, तर सहवास कागदावरच राहतो. गट पाडताना मुलांवर सोपवले, तर ती ओळखीच्यांचेच गट करतात. त्यासाठी हजेरीपटाच्या क्रमाने गट पाडावेत. प्रत्येकाच्या हाती असलेल्या माहितीशिवाय काम पुरेच होणार नाही, अशी योजना करावी. उदाहरणार्थ, स्वयंपाकघरातील दहा वस्तूंना घरी काय म्हणतात ते प्रत्येकाने लिहून आणायचे आणि गटाने त्याचा एक तक्ता करायचा. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, कन्नड, उर्दू, जे घरात असेल ते. ज्या मुलाची बोली एरवी 'अशुद्ध' म्हणून दुरुस्त केली जाते, त्याच्याकडे या तक्त्यासाठी सगळ्यांना जावे लागेल. तक्ता भिंतीवर लागला, की पुढच्या महिन्यात गट बदलावेत.